लाल म्हणजे परका, परका म्हणजे लाल: पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिका कशाला घाबरली होती?

२१ डिसेंबर १९१९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या बंदरातून 'ब्यूफोर्ड' नावाचं लष्कराचं एक जुनाट जहाज निघालं. त्यावर २४९ माणसं होती. तीन बायका, बाकी सगळे पुरुष, बहुतेक रशियन. जायचंय कुठे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कित्येकांच्या बायकामुलांना नवरा देशाबाहेर गेल्याचं कळलं ते जहाज निघून गेल्यावर. वर्तमानपत्रं मात्र खूश होती. त्यांनी या जहाजाला 'सोव्हिएत तारू' असं नाव ठेवून टाकलं.

जहाजावरची सर्वात नावाजलेली व्यक्ती म्हणजे एमा गोल्डमन. अराजकवादी वक्ती, ३४ वर्षं अमेरिकेत राहिलेली. लग्नामुळे तिला नागरिकत्व मिळालं होतं. ते काढून घेण्यासाठी सरकारने १९०९ सालीच तिच्या पहिल्या नवऱ्याचं नागरिकत्व रद्द करवलं होतं. ती आणि तिचा साथीदार अलेक्झांडर बर्कमन हे खरोखरीचे जहाल. बर्कमनने १८९२ साली एका पोलाद कारखानदारावर गोळी झाडून १४ वर्षं तुरुंगात काढली होती. पण उरलेल्यांचं काय? त्यातले बहुतेक 'युनियन ऑफ रशियन वर्कर्स' नावाच्या संघटनेचे सभासद होते. संघटनेच्या जाहीरनाम्यात क्रांतीची भाषा होती खरी, पण पुष्कळ जण तिथे जात ते आपल्या भाषेत चार शब्द बोलायला, इंग्रजी शिकायला, मोटारदुरुस्तीचे धडे घ्यायला.

यांच्यापैकी बहुतेकांवर कुठल्याही गुन्ह्याचा खटला चालला नव्हता. मग त्यांना हाकललं कसं? याचं उत्तर एका कायदेशीर बारकाव्यात आहे, आणि माझ्या मते त्या काळातल्या सगळ्या भीतीचं गणित त्याच बारकाव्यातून सुटतं.

नागरिकाला शिक्षा करायची तर न्यायालय लागतं, ज्यूरी लागते, पुरावा लागतो. परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढणं ही मात्र अमेरिकन कायद्याच्या लेखी शिक्षाच नव्हती. ती प्रशासकीय कारवाई होती. न्यायाधीश नाही, ज्यूरी नाही. कामगार खात्याचा निरीक्षक सुनावणी घेणार आणि खात्याचा मंत्री सही करणार. त्यातच ऑक्टोबर १९१८ मध्ये एक कायदा झाला. बळाने सरकार उलथवावं असं म्हणणाऱ्या संघटनेचा परदेशी माणूस नुसता सभासद असला तरी त्याला घालवून देण्याची त्याने मुभा दिली. काही केलेलं असण्याची गरज नव्हती.

म्हणजे बॉस्टनमध्ये जन्मलेला माणूस क्रांतीच्या गप्पा मारत असेल तर केंद्र सरकारची पंचाईत. त्याच्या शेजारी बसून तेच बोलणारा माणूस मिन्स्कहून आलेला असेल तर काम सोपं. शांततेच्या काळातही चालेल असा राजद्रोहाचा कायदा सरकारने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, मागितला, तो मिळाला नाही. मग हातात जे हत्यार होतं त्याच्या मापाचाच शत्रू शोधला गेला.

भीती आली कुठून?

परक्यांबद्दलची अढी जुनी होती. १९०० ते १९१४ या काळात सुमारे १ कोटी ३० लाख माणसं अमेरिकेत आली. आधीचे लोंढे ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हियातून येत. आता इटली, पोलंड, रशियातून येऊ लागले, म्हणजे कॅथलिक आणि ज्यू. हार्वर्डच्या काही पदवीधरांनी १८९४ मध्येच 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग' काढली होती. साक्षरतेची परीक्षा लावून यांना रोखा, ही तिची मागणी. क्लीव्हलंड, टाफ्ट आणि विल्सन या तीन राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठीची विधेयकं परत पाठवली होती. १९१७ मध्ये काँग्रेसने विल्सनचा नकार डावलून तो कायदा केलाच.

मग अमेरिका महायुद्धात उतरली आणि सगळा राग जर्मनांवर वळला. शाळांमधून जर्मन भाषा हद्दपार झाली. आंबवलेल्या कोबीचं जर्मन नाव बदलून लोक त्याला 'स्वातंत्र्याचा कोबी' म्हणू लागले. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट, पण एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन स्थलांतरिताला जमावाने झाडाला लटकवून मारलं. नोव्हेंबरात युद्ध थांबलं. दीड वर्ष तापवलेला द्वेष एका तारखेला थंड होत नसतो. रशियात बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, वर्षभरापूर्वी सत्ता घेतलीच होती. त्या द्वेषाला नवा धनी मिळाला.

त्यात १९१९ हे सालच विलक्षण. इन्फ्लुएन्झाच्या साथीने अमेरिकेत पावणेसात लाखांच्या आसपास बळी घेतले होते, लाखो सैनिक घरी परतत होते, युद्धाची कंत्राटं एका फटक्यात रद्द झाली होती. महागाई आकाशाला भिडलेली. त्या एका वर्षात सुमारे ४० लाख कामगार कधी ना कधी संपावर गेले. फेब्रुवारीत सिॲटल शहर पाच दिवस बंद राहिलं. संपकऱ्यांनी लहान मुलांना दूध आणि इस्पितळांना धुतलेले कपडे पोचतील याची सोय केली होती, दंगाधोपा काही झाला नाही. पण महापौर ओल हॅन्सन यांनी आपण क्रांती चिरडल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच महिन्यांत महापौरपद सोडून देशभर त्यावर व्याख्यानं देत फिरू लागले. त्या धंद्यात पैसा बरा होता.

सप्टेंबरमध्ये बॉस्टनचे पोलीसच संपावर गेले. त्यानंतर पोलाद कामगार. हा संप जरा जवळून बघण्यासारखा आहे.

साडेतीन लाखांच्या आसपास कामगार, त्यात स्थलांतरितांचा मोठा भरणा. निम्म्या कामगारांची पाळी बारा तासांची. पंधरा दिवसांनी रात्रपाळीची दिवसपाळी होताना एकदा सलग चोवीस तास भट्टीपुढे उभं राहायचं. त्यांच्या मागण्या आठ तास, आठवड्याला एक सुट्टी आणि संघटनेशी बोलणी, अशा होत्या. यात बोल्शेविक काय आहे? पण संपाचे एक प्रमुख संघटक विल्यम फॉस्टर यांनी पूर्वी एक जहाल पुस्तिका लिहिली होती. मालकांनी आणि वर्तमानपत्रांनी ती उकरून काढली. पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रात पानभर चित्र छापून आलं. त्यात अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेला म्हातारा, तोंडाशी हात धरून ओरडतोय, 'कामावर परत जा', आणि तो हुकूम एकाखाली एक आठ भाषांत छापलेला. इंग्रजी येणारा कामगार अमेरिकन आणि म्हणून शहाणा, न येणारा भडकलेला, असा त्याचा सरळ अर्थ. दुसरीकडे मालकांसाठी हेरगिरी करणाऱ्या एका कंपनीच्या पत्रात आपल्या माणसांना सूचना होती की सर्बियन आणि इटालियन कामगारांमध्ये होईल तेवढं वितुष्ट पेरा. चर्चच्या एका चौकशी समितीने हे पत्र नंतर उजेडात आणलं. जानेवारी १९२० मध्ये संप मोडला. आठ तासांची पाळी यायला १९२३ उजाडावं लागलं.

बॉम्ब खरे होते

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा सगळा पराचा कावळा होता. तसं नव्हतं, आणि ते सांगितलं नाही तर गोष्ट अर्धीच राहील.

एप्रिल १९१९ अखेर ३६ बड्या लोकांच्या नावे टपालाने बॉम्ब निघाले. जॉर्जियाच्या एका माजी सेनेटरच्या घरी मोलकरणीने पुडकं उघडलं आणि तिचे हात गेले. न्यूयॉर्कच्या टपाल कचेरीतल्या एका कारकुनाने घरी जाताना वर्तमानपत्रात त्या पुडक्याचं वर्णन वाचलं आणि त्याला आठवलं, कमी तिकिटं लावली म्हणून तसलीच १६ पुडकी आपल्याकडे अडकून पडली आहेत! तो तसाच उलटपावली पळाला. बॉम्ब करणाऱ्यांची टपालखर्चातली कसर कित्येकांचा जीव वाचवून गेली.

२ जूनच्या रात्री तर अनेक शहरांत एकाच वेळी स्फोट झाले. वॉशिंग्टनमध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, मिचेल पामर यांच्या घराचा पुढचा भाग उडाला. बॉम्ब ठेवायला आलेला माणूस त्यातच मेला. समोरच्या घरात राहणारे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट थोडक्यात वाचले.

हे काम होतं लुइजी गॅलेआनी या इटालियन अराजकवाद्याच्या मूठभर अनुयायांचं. आता अराजकवादी म्हणजे सरकार ही चीजच नको म्हणणारे, आणि कम्युनिस्ट म्हणजे सगळं सरकारच्या हाती द्या म्हणणारे. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे. रशियात पोचल्यावर गोल्डमनचा भ्रमनिरास दोन वर्षांत झाला आणि ती बोल्शेविकांवर कडाडून टीका करू लागली. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला इतक्या खोलात जायची गरज वाटत नव्हती. संपकरी, समाजवादी, कम्युनिस्ट, अराजकवादी, सगळे 'रेड', म्हणजे 'लाल', या एका शब्दात कोंबले गेले.

'लाल म्हणजे परका' हे समीकरणही अगदीच हवेतलं नव्हतं. सप्टेंबर १९१९ मध्ये शिकागोत एकाऐवजी दोन कम्युनिस्ट पक्ष जन्माला आले, आपसातल्या भांडणामुळे. त्यातल्या मोठ्या पक्षाचे बहुसंख्य सभासद रशियन, लिथुआनियन, पोलिश असे भाषावार गटांतले होते. पण दोन्ही पक्षांचे सगळे सभासद, अगदी मोठ्यातला मोठा अंदाज धरला तरी, साडेदहा कोटींच्या देशात लाखाच्याही आतच.

धाडी

पामरनी न्याय खात्यात जहालांवर नजर ठेवणारा विभाग काढला आणि त्यावर २४ वर्षांचा एक तरुण वकील नेमला. जे. एडगर हूवर. त्याने आधी काँग्रेसच्या ग्रंथालयात नोकरी केली होती, आणि पुस्तकांची सूची कशी करतात हे त्याने तिथे नीट पाहिलं होतं. तीच पद्धत त्याने माणसांना लावली. प्रत्येक संशयिताचं, संघटनेचं, नियतकालिकाचं कार्ड. थोड्याच काळात कार्डांची संख्या लाखावर गेली. पुढे हाच हूवर १९७२ साली मरेपर्यंत एफबीआयचा प्रमुख राहिला.

पहिली धाड ७ नोव्हेंबर १९१९ ला, बोल्शेविक क्रांतीच्या दुसऱ्या वाढदिवशी. न्यूयॉर्कमधल्या 'रशियन पीपल्स हाउस'मध्ये त्या वेळी बीजगणिताचा वर्ग चालू होता. शिकवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना चष्मा काढायला सांगितलं आणि मग मारलं. डोकं फुटलेल्या अवस्थेत त्यांना जिन्यावरून खाली ढकललं. या धाडीत सापडलेल्यांतूनच 'ब्यूफोर्ड' भरलं.

मोठी धाड २ जानेवारी १९२० च्या रात्री, तीसहून अधिक शहरांत. कम्युनिस्ट पक्षात सरकारचे खबरे आधीच घुसलेले होते. त्यांना आदेश गेला की त्या रात्री आपापल्या शाखेची बैठक लावा, म्हणजे सगळे एका जागी सापडतील. याच्या दोन-तीन दिवस आधी एक नियम गुपचूप बदलण्यात आला. सुनावणीच्या सुरुवातीलाच वकील मिळण्याचा हक्क होता, तो आता चौकशी पुरेशी पुढे गेल्यावर मिळणार होता.

कमीत कमी तीन हजार माणसं पकडली गेली, आणि वॉरंटशिवाय पकडलेले धरले तर आकडा बराच वर जातो. मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावात ३९ जण सहकारी बेकरी काढायची म्हणून जमले होते, त्यांनाही उचललं. डेट्रॉइटमध्ये सुमारे आठशे माणसांना सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या बोळात कित्येक दिवस कोंडलं, सगळ्यांना मिळून एक संडास. हार्टफर्डला तुरुंगात भेटायला आलेल्यांनाच आत घेतलं, कारण कम्युनिस्टाला भेटायला कम्युनिस्टच येणार! आणि क्रांतीची शस्त्रं? देशभरातल्या धाडींत मिळून तीन पिस्तुलं. न्यू जर्सीत बॉम्बचा म्हणून जप्त केलेला आराखडा फोनोग्राफचा निघाला. बॉम्ब फोडणारे गॅलेआनीचे लोक या जाळ्यात जवळपास सापडलेच नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

सह्या न करणारा म्हातारा

आता पुन्हा तो कायदेशीर बारकावा. पकडायचं काम न्याय खात्याने केलं, पण हाकलण्याचा अधिकार कामगार खात्याचा. मार्च १९२० मध्ये मंत्री घरगुती आजारपणात अडकले, त्यांच्या खालच्या अधिकाऱ्याने निवडणूक लढवायला राजीनामा दिला, आणि खातं आलं लुई पोस्ट या सत्तरीच्या उपमंत्र्याकडे. पोस्टनी गठ्ठ्यावर सह्या करायला नकार दिला. ते एकेक फाइल स्वतः वाचू लागले.

वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळ जण कम्युनिस्ट पक्षात सामीलच झालेले नाहीत. ते समाजवादी पक्षाच्या भाषावार शाखेत होते. शाखा आख्खीच्या आख्खी नव्या पक्षात गेली आणि यांची नावं यादीसकट तिकडे. कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. असल्यांची वॉरंटं पोस्टनी रद्द केली. वकील न देता घेतलेले कबुलीजबाब बाजूला काढले, जामिनाच्या रकमा उतरवल्या. पुढ्यात आलेल्या प्रकरणांतली बहुसंख्य त्यांनी रद्द केली. पकडलेल्या हजारोंपैकी शेवटी साडेपाचशेच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली.

काँग्रेसमध्ये पोस्टवर महाभियोग आणायची भाषा झाली. मे महिन्यात ते समितीपुढे बसले आणि एकेका माणसाची हकिगत शांतपणे सांगत गेले. आरोप करणाऱ्यांकडे फारसं बोलायला उरलं नाही. पामरनी त्याच सुमारास १ मे रोजी देशभर उठाव होणार असा इशारा दिला होता. पोलीस रात्रभर जागले, आणि काहीही झालं नाही. वर्तमानपत्रांनी टर उडवली. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पामरच्या हातून गेली. सप्टेंबरात वॉल स्ट्रीटवर घोडागाडीतला बॉम्ब फुटून ३८ जण मेले, तरी धाडींची ती लाट परत उठली नाही. त्या स्फोटाचा गुन्हेगार आजतागायत सापडलेला नाही.

भीतीचा कायदा झाला

धाडी गेल्या, भीती मुरली. निकोला साक्को आणि बार्तोलोमेओ व्हान्झेत्ती या दोघा इटालियनांची गोष्ट जगभर गाजली. एक जोडे शिवणारा, दुसरा मासळी विकणारा, दोघे गॅलेआनीचे अनुयायी. बॉस्टनजवळ पगाराची रक्कम लुटून दोन खून केल्याचा त्यांच्यावर आरोप. त्याआधी व्हान्झेत्तीवर दुसऱ्या एका लुटीच्या प्रयत्नाचा खटला चालला. ती घटना २४ डिसेंबर १९१९ ची. नाताळच्या आदल्या रात्री इटालियन घरांत वाम मासे लागतात, आणि त्या दिवशी तो घरोघर वाम पोचवत होता, असं त्याच्याकडून मासे घेणाऱ्या कितीतरी बायकापुरुषांनी दुभाष्यामार्फत सांगितलं. ज्यूरीने एकाचंही मानलं नाही. इटालियन माणूस इटालियन माणसासाठी खोटं बोलणारच, असं ते गृहीत. खुनाच्या खटल्यातला पुरावा अजून वादात आहे. साक्कोच्या पिस्तुलावरच्या नंतरच्या चाचण्या त्याच्या विरोधात जातात, असं मानणारे अभ्यासक आहेत. खटला निष्पक्ष झाला असं म्हणणारे मात्र फार थोडे. २३ ऑगस्ट १९२७ ला दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. पन्नास वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी हा खटला अन्यायाचा होता असं जाहीर केलं.

पण लाखो लोकांच्या आयुष्यावर परिणाम केला तो कोट्याच्या कायद्याने. मे १९२१ चा पहिला कायदा असा: १९१० च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेली जेवढी माणसं अमेरिकेत होती, त्यांच्या ३ टक्के माणसांना दरसाल प्रवेश. महिन्याला वर्षाच्या कोट्याच्या २० टक्क्यांपर्यंतच. याचा परिणाम असा झाला की महिन्याच्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी जहाजं तिष्ठत उभी राहत आणि बाराचा ठोका पडताच आत घुसायची शर्यत लागे. दोन मिनिटं उशीर झाला तर आपला कोटा दुसऱ्या जहाजाने खाल्ला, परत फिरा.

१९२४ चा जॉन्सन-रीड कायदा याहून कडक. आता २ टक्के, आणि आधार १८९० च्या जनगणनेचा. १८९० का? कारण इटालियन, पोलिश, ज्यू मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. इटलीचा कोटा ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला. ब्रिटनला ३४ हजार. सर्वात मोठा कोटा, ५१ हजारांच्या वर, मिळाला जर्मनीला, म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या शत्रूला. कुणाची भीती वाटत होती हे कळायला या आकड्यांपेक्षा वेगळा पुरावा नको.

आपले लोक या गोष्टीत

आशियाई लोकांना तर कोटाही नव्हता. भारतातून येणं १९१७ च्या कायद्यानेच जवळजवळ बंद झालं होतं. आधीच पोचलेल्यांवर दुहेरी संशय, रंगाचा आणि भारतातली ब्रिटिश सत्ता उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीचा. पॅसिफिक किनाऱ्यावर ही चळवळ उभी करणाऱ्यांत आपले वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे होते. पुढे त्यांना मेक्सिकोचा आसरा घ्यावा लागला आणि तिथे ते मक्याचे नामांकित शास्त्रज्ञ झाले. युद्धानंतर अमेरिकेतल्या गदर कार्यकर्त्यांनाही देशाबाहेर घालवण्याच्या हालचाली झाल्या.

भगतसिंग थिंद यांनी १९१८ मध्ये पगडी राखून अमेरिकन लष्करात चाकरी केली. त्यांच्या नागरिकत्वाला सरकारने आधी गदरशी संबंध असल्याचं सांगून हरकत घेतली. ती टिकली नाही, तेव्हा वंशाचा मुद्दा पुढे आला. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामान्य माणसाच्या समजुतीत भारतीय 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. ते स्वतःच्या बाजूने उभे राहिले. नागरिकत्वावर विसंबून आपण वकिली उभी केली, मायदेशातला वारसा सोडला, आता ते काढून घेणं अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२६ मध्ये ते अपील न्यायालयात जिंकले आणि बाकीच्या भारतीयांवरचे खटले सरकारला सोडून द्यावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्टांची भीती परत आली ती याहून मोठी आणि जास्त काळ टिकणारी. त्या वेळी नागरिकांनाही समित्यांपुढे उभं केलं गेलं. पण परदेशी माणसासाठीचं जुनं हत्यार तसंच धारदार होतं. चार्ली चॅप्लिन चाळीस वर्षं अमेरिकेत राहून ब्रिटिश नागरिकच राहिले होते. सप्टेंबर १९५२ मध्ये ते जहाजाने लंडनला निघाले आणि ते समुद्रात असतानाच त्यांचा परतीचा परवाना रद्द झाला. खटला नाही, निकाल नाही. त्याच वर्षीच्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने कम्युनिस्टांना बंदी आणि देशवार कोटे या दोन्ही गोष्टी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा नकार डावलून एकाच पुस्तकात बांधल्या. भारताचा कोटा होता वर्षाला शंभर.

देशवार कोटे १९६५ च्या कायद्याने गेले. पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागले ते त्यानंतर. कम्युनिस्टांबद्दलचं कलम मात्र गेलं नाही. आज अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो न्यू जर्सीतला मराठी संगणक अभियंता का असेना, त्या अर्जात लिहून द्यावं लागतं की आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतो की नाही.